न्यायासनावर असताना वकिली: मनाई एकच, शिक्षेच्या वाटा अनेक

न्यायाधीशाने पदावर असेपर्यंत वकिली करू नये, हा नियम जगभर ज्या आचारसंहितेच्या आधारे सांगितला जातो, तिच्या नावात बेंगळुरू आहे. फेब्रुवारी २००१ मध्ये या शहरात निरनिराळ्या देशांतील वरिष्ठ न्यायाधीशांच्या गटाने न्यायाधीशांच्या वर्तनविषयक तत्त्वांचा मसुदा संमत केला. नोव्हेंबर २००२ मध्ये हेग येथे त्यावर अखेरचा हात फिरला आणि जुलै २००६ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आर्थिक व सामाजिक परिषदेने त्याची दखल घेतली. ‘बंगलोर तत्त्वे’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या संहितेतील ४.१२ क्रमांकाचे कलम अवघ्या एका वाक्याचे असून, न्यायिक पदावर असलेल्या व्यक्तीला ते वकिली करण्यास मनाई करते. त्याला अपवाद जोडलेले नाहीत.

नियम सुटसुटीत आहे; अंमल तसा नाही. न्यायाधीश म्हणायचे कोणाला, वकिली म्हणायचे कशाला आणि नियम मोडला तर कारवाई करायची कोणी, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे भारतात निवाडा करणाऱ्याच्या पदागणिक बदलतात. कनिष्ठ न्यायालयाच्या न्यायाधीशाची नोकरी जाऊ शकते. उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाला हटविण्यासाठी संसदेच्या दोन्ही सभागृहांत विशेष बहुमत लागते. लवादाच्या बाबतीत तर बहुधा व्यक्तीला काहीच होत नाही, तिने दिलेला निवाडा तेवढा रद्द होतो. पक्षकार कोणत्या दारात उभा आहे, यावर त्याचे संरक्षण ठरते.

बेंगळुरूच्या पूर्वेकडील महादेवपुरा भागातील घरखरेदीदाराचे उदाहरण घेतले, तर हा फरक लगेच ध्यानात येतो. आउटर रिंग रोड आणि व्हाइटफील्डच्या माहिती तंत्रज्ञान कंपन्यांभोवती वाढलेल्या या भागात पुणे, नागपूर, बेळगाव येथून नोकरीसाठी गेलेली मराठी कुटुंबेही राहतात. अशा एखाद्या कुटुंबाला सदनिकेचा ताबा वेळेवर मिळाला नाही, तर तक्रार कर्नाटकच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाकडे, म्हणजे ‘रेरा’कडे नेता येते. भरपाईचा प्रश्न २०१६ च्या रेरा कायद्याच्या कलम ७१ नुसार निवाडा अधिकाऱ्यापुढे जातो आणि हा अधिकारी आजी किंवा माजी जिल्हा न्यायाधीशच असावा लागतो. ग्राहक आयोगाचा पर्याय खुला असतोच. शिवाय तडजोडीसाठी लोकअदालत आहे आणि करारनाम्याच्या शेवटच्या पानांवर बहुधा लवादाचे कलमही असते. या ठिकाणी वेगवेगळ्या प्रकारची माणसे निवाडा करायला किंवा तडजोड घडवायला बसलेली असतात. त्यांतील काहींना वकिलीची पूर्ण बंदी आहे, तर काहींची नेमणूकच मुळी ते वकील असल्यामुळे झालेली असते.

सनद बाजूला ठेवण्यामागचे कारण

वकिलाची निष्ठा अशिलाशी असते. अशिलाची बाजू शक्य तितक्या जोरकसपणे मांडणे, त्याने विश्वासाने सांगितलेले गुपित राखणे आणि त्याबद्दल शुल्क घेणे हे त्याच्या व्यवसायात गृहीत आहे. न्यायाधीशाकडून यातील एकाही गोष्टीची अपेक्षा नसते. एकच व्यक्ती सकाळी न्यायासनावर आणि संध्याकाळी अशिलांच्या बैठकीत असेल, तर तिच्यापुढे येणाऱ्या प्रत्येक पक्षकाराला समोरचा माणूस तिचा अशील तर नाही ना, अशी शंका येणार. त्याहून घातक परिणाम न्यायालयाबाहेर होतो. अशा व्यक्तीकडे काम दिल्यास पुढे कधीतरी उपयोग होईल, या हिशेबाने अशील तिच्याकडे जाऊ लागतात. तिने निकाल कितीही प्रामाणिकपणे दिले, तरी तिच्या शुल्काला त्या हिशेबाचा वास येतो.

भारतीय कायद्याने या दोन कामांमध्ये भिंत उभी केली आहे ती दोन्ही बाजूंनी. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांनुसार वकिलाला पूर्णवेळ पगारी नोकरी करता येत नाही. व्यवसाय स्थगित करताना त्याने राज्य बार कौन्सिलला तसे कळवून मूळ सनद परत करणे अपेक्षित आहे. मुंबईतील एका शल्यचिकित्सकाने कायद्याची पदवी घेऊन, वैद्यकीय व्यवसाय चालू ठेवून सनद मागितली होती. महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलने ती नाकारली आणि १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा नकार योग्य ठरविला. वकिली हा पूर्ण लक्ष मागणारा व्यवसाय आहे, दुसऱ्या व्यवसायाच्या जोडीने तो करता येणार नाही, अशी त्यामागची भूमिका होती. शस्त्रक्रिया आणि वकिली यांत हितसंबंधांचा थेट संघर्ष नसतानाही न्यायालयाने ही रेघ ओढली, हे लक्षात घेण्याजोगे आहे. न्यायदान आणि वकिली यांत तर तो संघर्ष उघड आहे.

जिल्हा न्यायाधीशांच्या नेमणुकीसंबंधीच्या राज्यघटनेच्या अनुच्छेद २३३ मध्येही ही विभागणी दिसते. त्यात सात वर्षे वकिली केलेल्या उमेदवाराचा विचार होतो. न्यायिक सेवेत असलेल्यांना वकिलांच्या कोट्यातून जिल्हा न्यायाधीश होता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये म्हटले होते. ऑक्टोबर २०२५ मध्ये तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या अध्यक्षतेखालील पाच सदस्यीय घटनापीठाने तो निकाल फिरविला आणि वकिली व न्यायिक सेवा मिळून सात वर्षांचा अनुभव ग्राह्य धरला. अनुभवाची बेरीज करण्यास मुभा मिळाली असली, तरी दोन्ही कामे एकाच वेळी करण्याचा प्रश्न तेथे नव्हता आणि तशी परवानगीही कोणी मागितली नव्हती.

वकिली म्हणजे केवळ काळा कोट घालून न्यायालयात उभे राहणे नाही. बंगलोर तत्त्वांवरील २००७ च्या भाष्यात न्यायालयाशी थेट संबंध नसलेली कामेही तिच्यात धरली आहेत. दस्त तयार करणे, खरेदीखताचे व्यवहार पाहणे, व्यवसायविषयक कायदेशीर सल्ला देणे हे सर्व त्यात येते. अमेरिकन बार असोसिएशनच्या आदर्श संहितेत न्यायाधीशाला स्वतःचा खटला स्वतः चालविता येतो, तसेच कुटुंबातील व्यक्तीला मोबदला न घेता सल्ला देता येतो किंवा तिचे कागद तपासता येतात. मात्र तिचा वकील म्हणून कोठेही उभे राहता येत नाही. भारतीय घरांमध्ये कायदा शिकलेल्या नातेवाइकाला मृत्युपत्राचा मसुदा दाखविण्याची पद्धत इतकी रुळलेली आहे, की ही बारीक रेघ न्यायाधीशांनाही रोजच्या व्यवहारात सांभाळावी लागते.

कनिष्ठ न्यायालये: कारवाई उच्च न्यायालयाच्या हाती

दिवाणी न्यायाधीश, न्यायदंडाधिकारी आणि जिल्हा न्यायाधीश यांच्याबाबत व्यवस्था त्यातल्या त्यात स्पष्ट आहे. अनुच्छेद २३५ नुसार त्यांच्यावर उच्च न्यायालयाचे नियंत्रण असते. या नियंत्रणात शिस्तभंगाची कारवाईही येते, असे सर्वोच्च न्यायालयाने पश्चिम बंगालमधील नृपेंद्रनाथ बागची प्रकरणात साठच्या दशकातच ठरविले. राज्य सरकारने परस्पर चौकशी करून न्यायाधीशाला घरी पाठविण्याचा मार्ग त्यामुळे बंद झाला. आता चौकशी उच्च न्यायालय करते आणि बडतर्फीचा आदेश त्याच्या शिफारशीवरून राज्यपालांच्या सहीने निघतो. सेवेतील इतरांप्रमाणेच न्यायिक अधिकाऱ्यांनाही परवानगीवाचून खासगी व्यवसाय किंवा नोकरी करण्यास मनाई असते. त्यामुळे एखादा दिवाणी न्यायाधीश गुपचूप अशिलांची कामे घेत असेल, तर ते गैरवर्तन ठरते. निलंबन, पदावनती, सक्तीची निवृत्ती, बडतर्फी अशा शिक्षांची उतरंड त्याच्यासाठी उपलब्ध असते.

न्यायालयाबाहेरच्या वर्तनासाठीही ही शिक्षा होऊ शकते, याचे १९८७ मधील एक उदाहरण अनेकदा दिले जाते. उत्तर प्रदेशातील एका न्यायिक अधिकाऱ्यावर विधी पदव्युत्तर परीक्षेत गैरमार्ग वापरल्याचा ठपका आला. त्याने न्यायदानात कोणती चूक केली होती, असा प्रश्नच नव्हता. तरीही त्याला सेवेतून दूर करण्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने कायम ठेवला. न्यायाधीशाला न्यायालयात एक आणि बाहेर दुसरे असे दोन मापदंड ठेवता येत नाहीत, असे न्यायालयाचे म्हणणे होते. परीक्षेतील लबाडीला ही कसोटी लागू होत असेल, तर चोरून केलेल्या वकिलीला ती लागू होण्यात अडचण दिसत नाही.

तक्रारदाराला मात्र पुरावा द्यावा लागतो. कनिष्ठ न्यायाधीशांविरुद्धची तक्रार शपथपत्रासह आणि पडताळून पाहता येईल अशा सामग्रीसह असावी, अशी अपेक्षा असते. खटला हरलेल्या पक्षकारांच्या निनावी पत्रांपासून न्यायाधीशांना संरक्षण हवे, हे त्यामागचे कारण समजण्यासारखे आहे. त्याचबरोबर न्यायाधीशाच्या खासगी कामांचे कागद सामान्य पक्षकाराच्या हाती लागणे अवघड, हेही तितकेच खरे.

उच्च न्यायालय: संसदेच्या दारापर्यंत

वरच्या न्यायालयांत चित्र पालटते. सर्वोच्च किंवा उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाला सिद्ध झालेले गैरवर्तन किंवा अक्षमता या दोनच कारणांवरून हटविता येते. १९६८ च्या न्यायाधीश चौकशी कायद्यानुसार लोकसभेच्या किमान १०० किंवा राज्यसभेच्या किमान ५० सदस्यांनी प्रस्तावाची सूचना द्यावी लागते. त्यानंतर तीन सदस्यीय समितीची चौकशी होते. शेवटी प्रत्येक सभागृहात एकूण सदस्यसंख्येचे बहुमत आणि उपस्थित राहून मतदान करणाऱ्यांचे दोन-तृतीयांश बहुमत आवश्यक असते. १९५० पासून २०२५ अखेरपर्यंत या मार्गाने एकाही न्यायाधीशाला पदावरून दूर करण्यात आलेले नाही.

वकील म्हणून स्वीकारलेले काम न्यायासनापर्यंत पाठलाग करीत आले, असे सर्वांत ठळक प्रकरण कोलकात्याचे आहे. सौमित्र सेन वकिली करीत असताना १९८४ मध्ये कोलकाता उच्च न्यायालयाने त्यांना स्टील ऑथॉरिटी ऑफ इंडिया आणि शिपिंग कॉर्पोरेशन ऑफ इंडिया यांच्यातील दाव्यात रिसीव्हर नेमले. वादातील माल ताब्यात घेणे, विकणे आणि आलेली रक्कम न्यायालयाच्या वतीने सांभाळणे हे रिसीव्हरचे काम. मालाच्या विक्रीतून सुमारे ३३.२२ लाख रुपये आले. डिसेंबर २००३ मध्ये सेन त्याच उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले, पण रिसीव्हर म्हणून द्यावयाचा हिशेब शिल्लकच राहिला. २००६ मध्ये एकल पीठाने त्यांना व्याजासह रक्कम भरण्याचा आदेश दिला आणि ती भरली गेली. २००७ मध्ये खंडपीठाने त्यांच्याविरुद्धचे शेरे काढून टाकले.

प्रकरण तेथे थांबले नाही. तत्कालीन सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांनी अंतर्गत चौकशीसाठी तीन न्यायाधीशांची समिती नेमली. मूळचे सोलापूरचे आणि त्या वेळी मद्रास उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश असलेले ए. पी. शाह हे तिचे एक सदस्य होते. समितीचा अहवाल सेन यांच्या विरोधात गेला. त्यांनी राजीनामा देण्यास नकार दिल्यावर विषय संसदेत आला. राज्यसभेने नेमलेल्या चौकशी समितीनेही गैरवर्तन सिद्ध झाल्याचे म्हटले. ऑगस्ट २०११ मध्ये सेन स्वतः राज्यसभेपुढे उभे राहिले, आरोप नाकारले आणि सविस्तर बाजू मांडली. सभागृहाने १८ ऑगस्टला प्रचंड बहुमताने त्यांच्याविरुद्ध कौल दिला. लोकसभेत प्रस्ताव येण्यापूर्वी, १ सप्टेंबरला, त्यांनी राजीनामा दिला आणि कार्यवाही तेथेच संपली.

सेन यांच्यावर न्यायाधीश असताना अशिलांची कामे घेतल्याचा आरोप नव्हता. वकील म्हणून हाती आलेल्या जबाबदारीचा हिशेब न्यायासनावर जाण्यापूर्वी पूर्ण न केल्याचा आणि रक्कम वळविल्याचा तो आरोप होता. या प्रकरणाने दाखवून दिलेली अडचण मात्र वकिलीच्या प्रश्नालाही तशीच लागू होते. काही लाखांच्या हिशेबासाठी एकल पीठ, खंडपीठ, सरन्यायाधीशांची समिती, राज्यसभेची समिती आणि पूर्ण सभागृह एवढी यंत्रणा हलवावी लागली. राजीनाम्यानंतर यंत्रणेच्या हाती काही उरले नाही. पद सोडलेल्या न्यायाधीशाच्या पुढील वकिलीवर अनुच्छेद २२० चे जे बंधन येते, ते सन्मानाने निवृत्त झालेल्यावर आणि चौकशी चालू असताना राजीनामा दिलेल्यावर सारखेच आहे. राज्यघटनेने त्यांत भेद केलेला नाही.

कोलकाता प्रकरणात वापरलेल्या अंतर्गत चौकशीच्या पद्धतीचे मूळ मुंबईत आहे. १९९५ च्या सुरुवातीला मुंबई उच्च न्यायालयाचे तत्कालीन मुख्य न्यायाधीश ए. एम. भट्टाचार्य यांच्याविषयी वकिलांमध्ये चर्चा सुरू झाली. ‘मुस्लिम लॉ अँड द कॉन्स्टिट्यूशन’ या त्यांच्या पुस्तकाच्या परदेशातील हक्कांपोटी लंडनच्या एका प्रकाशन संस्थेने ८० हजार अमेरिकी डॉलर देऊ केल्याची माहिती पुढे आली होती. पुस्तक लिहिणे ही वकिली नव्हे. न्यायाधीशांना लेखन आणि अध्यापनाची मुभा बंगलोर तत्त्वेही देतात. वकिलांचा प्रश्न रकमेच्या आकाराविषयी होता. कायद्याच्या पुस्तकासाठी एवढे पैसे कोण आणि का देतो? वकील संघटनांनी त्यांच्या राजीनाम्याची मागणी करणारे ठराव केले. भट्टाचार्य यांनी १ एप्रिल १९९५ रोजी पद सोडले.

अशा ठरावांना आव्हान देणाऱ्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर १९९५ मध्ये निकाल दिला. आरोपांच्या खरेखोटेपणात न्यायालय शिरले नाही. वकील संघटनांनी ठरावांच्या दबावाने न्यायाधीशाला पायउतार व्हायला लावणे न्यायालयाला मान्य नव्हते. पण महाभियोगास पात्र गैरवर्तन आणि पदाला न शोभणारे वर्तन यांच्यामध्ये मोठी पोकळी आहे आणि तिच्यात पडणाऱ्या प्रकरणांसाठी कोणतीच यंत्रणा नाही, हे त्याने मान्य केले. डिसेंबर १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या पूर्ण सभेने अंतर्गत चौकशीची पद्धत स्वीकारली. त्याआधी मे १९९७ मध्ये न्यायिक जीवनमूल्यांचे एक निवेदन संमत झाले होते. न्यायाधीशाने प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्षपणे व्यापारउदीम करू नये आणि वकील असलेल्या जवळच्या नातेवाइकाला आपल्यापुढे उभे राहू देऊ नये, असे त्यात म्हटले आहे.

अंतर्गत समितीला शिक्षा देता येत नाही. ती सत्य शोधते. सरन्यायाधीश संबंधित न्यायाधीशाला राजीनाम्याचा किंवा स्वेच्छानिवृत्तीचा सल्ला देऊ शकतात, त्याच्याकडील न्यायिक काम काढून घेतले जाऊ शकते आणि प्रकरण गंभीर असल्यास राष्ट्रपती व पंतप्रधानांना कळविता येते. न्यायमूर्ती यशवंत वर्मा यांच्या घरातील कथित रोकड प्रकरणात या पद्धतीच्या वैधतेलाच आव्हान दिले गेले होते. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते फेटाळले. ताकीद किंवा समज यांसारख्या मधल्या शिक्षांची तरतूद करू पाहणारे न्यायिक मानके व उत्तरदायित्व विधेयक लोकसभेने मार्च २०१२ मध्ये मंजूर केले होते. राज्यसभेत ते अडले आणि २०१४ मध्ये लोकसभेची मुदत संपताच बाद झाले. त्यामुळे उच्च न्यायालयाच्या एखाद्या न्यायाधीशाने परिचिताच्या कंपनीला अधूनमधून कायदेशीर मत दिले, तर त्याला सल्ला देणे आणि संसदेत खेचणे या दोन टोकांच्या मध्ये आजही फारसे काही नाही.

निवृत्तीनंतरचे नियम वेगळे आहेत. सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाला अनुच्छेद १२४(७) नुसार भारतातील कोणत्याही न्यायालयात वकिली करता येत नाही. उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांवरही १९५० मध्ये तशीच सरसकट बंदी होती. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने ती सैल केली आणि कायम न्यायाधीशाला सर्वोच्च न्यायालयात व आपण काम न केलेल्या उच्च न्यायालयांत उभे राहण्याची मुभा दिली. मुंबई उच्च न्यायालयातून १९६९ मध्ये बाहेर पडलेले वि. म. तारकुंडे दिल्लीला सर्वोच्च न्यायालयात वकिली करू लागले, ते या दुरुस्तीमुळेच. अनुच्छेदात ‘कायम’ हा शब्द असल्याने अतिरिक्त न्यायाधीश त्याच्या कक्षेबाहेर राहतात.

जेथे वकीलच निवाडा करतो

महादेवपुऱ्यातील घरखरेदीदाराला ज्याच्याशी प्रत्यक्ष गाठ पडण्याची शक्यता अधिक, तो भाग येथून सुरू होतो. लोकअदालतीच्या पॅनेलवर न्यायिक अधिकाऱ्यासोबत वकीलही बसतात. त्यांना खटल्याचा निकाल लावण्याचा अधिकार नसतो, ते उभय पक्षांची संमती नोंदवतात, म्हणून व्यवसाय करणाऱ्या वकिलाला तेथे बसविण्यात गैर मानले जात नाही. ग्राहक मंचांत १९८६ च्या जुन्या कायद्याखालील नियमांत अर्धवेळ सदस्यांना बैठकीमागे मानधन देण्याची पद्धत होती.

लवाद मात्र निकाल देतो, तो दिवाणी हुकूमनाम्यासारखा अंमलात येतो आणि तरीही लवाद बहुधा चालू व्यवसायातला वकील किंवा निवृत्त न्यायाधीश असतो. त्याच्यावर कोणतीही शिस्तपालन समिती नाही. कायद्याने येथे मनाईऐवजी प्रकटीकरणाचा मार्ग धरला आहे. १९९६ च्या लवाद व सामंजस्य कायद्याच्या कलम १२ नुसार लवादाने नेमणुकीच्या वेळी आणि त्यानंतरही संपूर्ण कार्यवाहीत, आपल्या निःपक्षपातीपणाविषयी शंका येऊ शकेल अशी प्रत्येक गोष्ट लेखी कळविली पाहिजे. २०१५ च्या दुरुस्तीने जोडलेल्या सातव्या अनुसूचीत तर काही संबंध थेट अपात्रतेचे ठरविले आहेत. लवाद सध्या एखाद्या पक्षाचा वकील किंवा सल्लागार असेल, तर तो त्या वादात बसूच शकत नाही. वाद उद्भवल्यानंतर दोन्ही पक्षांनी लेखी स्पष्ट संमती दिली, तरच ही अपात्रता दूर होते. घरखरेदीच्या करारनाम्यावर आधीच केलेली सही त्यासाठी पुरत नाही.

याचे नागपूरचे उदाहरण बोलके आहे. एका शीतगृहात ठेवलेल्या मालावरून माल ठेवणारे आणि शीतगृहाची कंपनी यांच्यात वाद झाला. लवाद म्हणून एका वकिलाचे नाव होते आणि हेच वकील दुसऱ्या एका प्रकरणात त्या कंपनीच्या वतीने काम पाहत होते. माल ठेवणाऱ्यांनी हरकत घेतली, तरीही लवाद कामकाजातून बाजूला झाले नाहीत. निवाडा कंपनीच्या बाजूने लागला. नागपूरच्या जिल्हा न्यायालयाने तो रद्द केला, उच्च न्यायालयाने पुन्हा कायम केला आणि जुलै २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अखेर रद्द ठरविला. लवादाने प्रत्यक्षात पक्षपात केला, हे सिद्ध करण्याची गरज न्यायालयाला वाटली नाही; शंकेला रास्त आधार होता, एवढे पुरेसे ठरले. पक्षकारांची मधली वर्षे मात्र वाया गेली ती गेलीच, कारण निवाडा रद्द होणे म्हणजे वाद मिटणे नव्हे. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये दुसऱ्या एका प्रकरणात न्यायालयाने, वादात हितसंबंध असलेल्या पक्षाच्या अधिकाऱ्याला एकट्याने लवाद नेमता येणार नाही, असेही स्पष्ट केले.

शंकेची ही कसोटी जुनी आहे. राजस्थानातील एका वकिलाविरुद्धच्या शिस्तभंग चौकशीत बार कौन्सिलच्या न्यायाधिकरणाचे अध्यक्ष पूर्वी एकदा तक्रारदाराच्या वतीने वकील म्हणून हजर राहिले होते. ती हजेरी त्यांच्या स्मरणातही नसावी. १९५७ मध्ये सर्वोच्च न्यायालयासाठी निकाल लिहिताना न्या. प्र. बा. गजेंद्रगडकर यांनी, अशा अध्यक्षाने तेथे बसायला नको होते, असे मत नोंदविले. तरीही त्या वकिलाला दिलासा मिळाला नाही. अध्यक्षांचा पूर्वसंबंध ठाऊक असूनही त्याने वेळेवर हरकत घेतली नव्हती, प्रतिकूल निष्कर्ष आल्यावर ती उपस्थित केली होती.

परदेशांतही एकच पद्धत नाही. अमेरिकेत केंद्रीय न्यायाधीशांच्या वकिलीवर १८१२ मध्येच कायद्याने बंदी आली आणि आजही ती केली, तर तो गुन्हा ठरतो. त्याच देशातील गावपातळीवरच्या न्यायालयांत मात्र अर्धवेळ न्यायाधीश सर्रास वकिली करतात; स्वतःच्या न्यायालयात उभे राहायचे नाही, एवढे बंधन पाळावे लागते आणि न्यूयॉर्कसारख्या राज्यांत त्यावर स्वतंत्र आयोगाची नजर असते. इंग्लंडमधील ‘रेकॉर्डर’ वर्षातील काही आठवडे न्यायासनावर बसतात आणि उरलेले वर्ष बॅरिस्टर म्हणून व्यवसाय करतात. मुंबईत १७९८ मध्ये स्थापन झालेल्या रेकॉर्डर न्यायालयाने हेच नाव इंग्लंडहून आणले होते.

भारतात अर्धवेळ न्यायाधीशाची पद्धत नियमित न्यायालयांत नाही, त्यामुळे घरखरेदीदाराच्या दृष्टीने व्यावहारिक प्रश्न उरतो तो लवादाचा. बिल्डरच्या करारनाम्यात लवादाचे कलम असले, तरी ग्राहक आयोगाचे दार बंद होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे. वाद लवादाकडे गेलाच, तर नियुक्त व्यक्तीकडून कलम १२ खालील लेखी प्रकटन मागता येते. हरकतीचे कारण कळल्यापासून १५ दिवसांत ती कलम १३ नुसार लेखी नोंदवावी लागते. लवादाने ती फेटाळली, तर कामकाज पुढे चालते आणि निवाड्यानंतरच न्यायालयात दाद मागता येते. नियुक्त व्यक्ती बिल्डरची सध्याची वकील किंवा सल्लागार असल्यास मात्र थांबण्याची गरज नसते. ती सातव्या अनुसूचीनुसार अपात्रच असल्याने तिचा अधिकार संपुष्टात आणण्यासाठी कलम १४ खाली थेट न्यायालयात जाता येते.